आमचे भाऊजी मैदानावर गेले नाहीत

परीक्षेचा हंगाम होता. सातवीच्या मुली गणिताचा पेपर सोडवत होत्या आणि मी बाकांमधून येरझारा घालत होते, तेव्हा शाळेचा शिपाई दारात येऊन उभा राहिला आणि आत न येताच म्हणाला, "बाई, तुमच्या घरून फोन आला. जावईबापू गेले म्हणते." जावईबापू म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे, सुमनताईचे यजमान. नाव वामनराव. मी त्यांना भाऊजी म्हणत असे. मी शिपायाला विचारलं, "कुठे गेले?" खरंच तसंच विचारलं… कारण भाऊजी सतत कुठेतरी गेलेलेच असायचे, आणि आमच्या घरी हा प्रश्न रोजचा होता. शिपाई खाली बघत राहिला, तेव्हा मला कळलं.

नागपूरच्या नंदनवन वस्तीतल्या घरी पोचले तेव्हा पुढच्या खोलीत कुलर जोरात चालू होता. वाळ्याची नवी खस ओली होऊन तिचा वास घरभर पसरला होता, आणि इतक्या माणसांत तो बंद करायचं कोणालाच सुचलं नव्हतं. भाऊजी खाटेवर होते. ताई भिंतीला टेकून बसली होती. ती रडत नव्हती. झालेलं ती मला एखाद्या शेजारणीची हकिकत सांगावी तसं सांगत होती. "सकाळपासून कुलरमागं लागले होते. जुनी खस काढली, नवी बसवली, पाणी भरलं. मंग खाटेवर बसले आन् म्हणाले, पाणी आण वं, आता पाह्य कशी थंड हवा येते. मी पाणी आणलं तं…" एवढंच. छातीत एक कळ आली असणार. तोंडावर त्रासाची खूण नव्हती. नखांत गंज मात्र होता, कुलरच्या जाळीचा.

हे मी इतकं बारकाईनं सांगते आहे त्याला कारण आहे. दोन-तीन दिवसांनी एका दैनिकात बातमी आली. ज्येष्ठ गोल्फ प्रशिक्षक वामनराव यांनी आयुष्यभर ज्या मैदानाची सेवा केली त्याच मैदानावर, हातात काठी असतानाच, अखेरचा श्वास घेतला, असं तिच्यात लिहिलं होतं. बातमी क्लबातून गेली होती. म्हणजे तिथे कोणीतरी शांतपणे बसून ठरवलं असणार की हा माणूस खस बदलताना मेला हे बरं दिसत नाही. मी ती बातमी वाचली आणि मला जी किळस आली ती दुःखाच्याही पुढे गेली. नंतर जे झालं त्यानं ती वाढतच गेली, आणि हा लेख मी त्या किळसेपोटीच लिहिते आहे. भाऊजींना हे आवडलं नसतं. त्यांना राग टिकवता येत नसे. मला येतो.

आम्ही दोन्ही घरं कोष्ट्यांची. भाऊजींच्या वडिलांकडे माग होते, आमच्याकडेही होते, आणि दोन्हीकडचे माग साधारण एकाच सुमाराला थंडावले. आमच्या वडिलांनी किराणा दुकानात बसायला सुरुवात केली. भाऊजी तेव्हा विशीत होते. त्यांना गोल्फ क्लबात काम मिळालं. गोल्फमध्ये प्रत्येक डावाच्या शेवटी जिथे चेंडू भोकात घालायचा असतो, तिथे मखमलीसारखं गवत असावं लागतं. नागपूरच्या उन्हात तसलं गवत कुठलं टिकायला. म्हणून आमच्याकडे वाळूत जळकं तेल कालवून एक मोठं गोल थापत, त्यावरून लाकडी फळी फिरवून ते गुळगुळीत करत. ते थापायचं काम भाऊजींचं. दिवसभर गुडघ्यांवर बसून तेल आणि वाळू. फावल्या वेळात एका म्हाताऱ्या फौजी साहेबानं त्यांच्या हातात काठी दिली, आणि काही वर्षांत असं झालं की तेल थापणारा वामन सगळ्या सभासदांपेक्षा लांब आणि सरळ मारू लागला. मग क्लबानं त्यांना शिकवायला ठेवलं. प्रोफेशनल म्हणायचे त्यांना. शब्द मोठा होता, खुर्ची नव्हती.

ताईला बघायला ते आले ते साठच्या दशकाच्या सुरुवातीचं साल असेल. इस्त्रीचा पांढरा शर्ट, चकचकीत भांग, आणि सगळ्या अंगाला त्या जळक्या तेलाचा वास. मी चहा घेऊन गेले आणि तशीच परत आले. स्वयंपाकघरात आईला म्हटलं, "मुलगा मोटार दुरुस्त करतो का?" आई म्हणाली, "गोल्फ खेळते म्हणते." हा काय धंदा, असं माझ्या चेहऱ्यावर आलं असावं. बाहेर ताई मान खाली घालून बसली होती आणि हा माणूस तिच्याकडे इतका वेळ बघत होता की वडील खाकरले. पुढे कितीतरी वर्षांनी भाऊजींनी त्याचं एक वाक्य केलं. म्हणाले, मुलगी पाहाले गेलेला माणूस आन् शेवटचा हलका फटका मारणारा माणूस, दोघंबी लय वेळ उभे राहून पाहतात, आन् मंग चुकतात. ताईनं तवा आपटला. ते म्हणाले, "मी नाही चुकलो वं. मी दुसऱ्यायचं सांगून राहिलो."

असलं बोलणं त्यांच्या तोंडून सारखं यायचं. त्यातून पुढे सदर निघालं. सत्तर सालाच्या आसपास एका वर्तमानपत्राचे उपसंपादक त्यांच्याकडे गोल्फ शिकायला येत. गोल्फ त्यांना कधी आला नाही, पण भाऊजींच्या गप्पा त्यांना इतक्या आवडल्या की रविवारच्या पुरवणीत दर पंधरवड्याला लिहा म्हणाले. भाऊजींना लिहायचा कंटाळा. मग ते बोलायचे आणि मी उतरून घ्यायची. मी तेव्हा नुकतीच शाळेत नोकरीला लागले होते आणि ताईकडेच राहत होते. मला शुद्धलेखनाचा ताठा होता. ते 'मले' म्हणत, मी 'मला' लिहीत असे. ते 'काहून' म्हणत, मी 'का बरे' लिहीत असे. लिहून झालं की वाचून दाखवायला सांगत आणि डोळे मिटून ऐकत. एकदा ऐकून म्हणाले, "शकुन, हे मी म्हटलं? मले तं वाटते एखाद्या तहसीलदारानं म्हटलं." शेवटी उपसंपादकांनीच निरोप पाठवला की बाईंनी हात आवरावा, जसं बोलतात तसं येऊ द्यावं. मी आवरला. मला पटलं नव्हतं, पण लोकांना आवडत होतं.

गोल्फ न पाहिलेली माणसं ते सदर वाचत. ताईला पोळ्या लाटताना पाहून त्यांनी लिहिलं होतं की लाटणं मुठीत आवळलं की पोळीचा नकाशा होते, स्टिकचंबी तसंच आहे, पण साहेब लोकायले हे सांगता येत नाही, त्यायनं लाटणं कधी धरलंच नाही. मे महिन्यात दुपारी गोल्फ खेळणारा माणूस एक तर वेडा असते, नाही तं त्याची सासू घरी आलेली असते, हेही त्यांचंच. आणि मला आवडायचं ते हे… साहेब म्हणतात बॉल हरवला. बॉल कुठंबी जात नाही. मारला तिथं बिचारा पडून राहते. हरवते तो मारणारा. नंदनवनच्या बाजारात भाजीवाले त्यांना हाक मारून विचारायचे, काय गा वामनभाऊ, या रविवारी काय लिवून राहिले. ते खुशीत यायचे. थोडे गर्विष्ठही झाले होते. पांढऱ्या शर्टाच्या खिशाला पेन लावू लागले होते, लिहीत मी असूनही.

आता त्या क्लबाविषयी. काठीलाही क्लब म्हणतात आणि त्या लोकांच्या बसायच्या जागेलाही क्लबच म्हणतात, यावर भाऊजी विनोद करत. मला कधी हसू आलं नाही. तिथे एक मोठं दालन होतं, वेताच्या खुर्च्या, भिंतीवर ढाली, कपाटात चषक. भाऊजी ज्यांना शिकवत ते सगळे खेळून आले की तिथे बसत. भाऊजी बाहेर पायऱ्यांशी. त्यांचा चहा तिथे यायचा, आणि तो कप वेगळा असायचा, दांडी तुटलेला. मी एकदा ताईचा निरोप द्यायला गेले होते तेव्हा माझ्या डोळ्यांनी पाहिलं. ज्या माणसानं थोड्या वेळापूर्वी एका वकिलाचे दोन्ही खांदे धरून त्याला उभं राहायला शिकवलं, तोच माणूस पायरीवर बसून फुटका कप दोन्ही हातांनी धरून चहा पीत होता. मी घरी येऊन बोलले. भाऊजी म्हणाले, "दांडी नाही तं बरं आहे. हात गरम राहतात." नागपुरात, मार्चमध्ये. मला त्या कपाची किळस आली, आणि खरं सांगायचं तर त्या उत्तराचीही.

क्लबाचे अध्यक्ष होते त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. लिहिलं तर त्यांना आवडेल. त्यांची कापसाची जिनिंग प्रेस होती, शहरातल्या अर्ध्या संस्थांवर ते होते, आणि वर्षानुवर्षं ते भाऊजींचे शिष्य होते. मैदानावर "वामन, वामन" चालायचं. सदराचं कौतुकही करायचे, त्यातला साहेब आपण नसून शेजारचा आहे अशी प्रत्येकाची समजूत असते तोवर कौतुक करायला काय जातं.

क्लबाची वार्षिक स्पर्धा हिवाळ्यात व्हायची. त्या वर्षी अंतिम सामना अध्यक्ष आणि एक डॉक्टर यांच्यात होता. पंच भाऊजी. अंतिम सामन्याच्या दिवशी नोकर माणसांच्या घरच्यांनाही बघायला येऊ देत, शामियान्यापासून लांब, दोरीच्या मागे. ताई आणि मी गेलो. ऊन चढल्यावर सावली शोधत आम्ही मैदानाच्या कडेला एका बाभळीशी जाऊन उभ्या राहिलो. सामना बरोबरीत शेवटच्या डावावर आला होता. अध्यक्षांनी मारलेला चेंडू वाकडा गेला आणि नेमका आमच्या बाभळीच्या काट्यांत येऊन थांबला. ते एकटेच पुढे चालत आले. बाकीचे अजून मागे होते. आम्ही त्यांना दिसलो असणार, पण लुगड्यातल्या दोन बायका म्हणजे त्यांच्या हिशेबी झाडच. त्यांनी एकदा मागे बघितलं आणि बुटाच्या टोकानं चेंडू काट्यांतून मोकळ्या गवतावर ढकलला. एवढं सहज, की जणू वाटेतला खडा बाजूला केला. ताईनं माझा दंड धरला. नंतर त्यांनी काठीनं तो चेंडू उत्तम मारला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पण भाऊजींनी लांबून चेंडू हललेला पाहिला होता. शेवटचा फटका झाला, चेंडू भोकात पडला, सगळे भोवती जमले आणि अध्यक्षांनी आपले फटके मोजून सांगितले, कारण गोल्फमध्ये ज्याचे फटके कमी तो जिंकतो. भाऊजींनी टोपी काढली, डोकं खाजवलं आणि अगदी नम्रपणे विचारलं, "साहेब, हे बुटाचा धरून, का बुटाचा सोडून?"

शामियान्यातून कोणीतरी फिसकन हसलं, आणि मग सगळेच हसले. अध्यक्षही हसले. म्हणाले, "वामन, तू सदरात घालशील हे." आणि हसत हसतच डॉक्टरांशी हात मिळवला. दंडाचे फटके धरल्यावर त्यांची संख्या वाढली आणि चषक डॉक्टरांना गेला. घरी येताना भाऊजी खुशीत होते. मी त्यांना म्हटलं, तो माणूस हसला ते मला आवडलं नाही. ते म्हणाले, "हसला म्हणजे मिटलं." भाऊजींना चेंडू कुठे जाईल ते कळायचं. माणसाचं नाही.

सदरात त्यांनी ते घातलं नाही. मी घाला म्हणत होते, त्यांनी ऐकलं नाही. म्हणाले, मैदानावरचं मैदानावर झालं. तरी महिन्याभरात क्लबानं त्यांना बोलावून सांगितलं की तुमच्या लिखाणातून सभासदांची टिंगल होते, लेखी माफी द्या आणि सदर बंद करा. बुटाचा उल्लेख कोणी केला नाही. भाऊजी म्हणाले, माफी मागतो, पण कोणत्या विनोदाची ते सांगा, तेवढाच वापस घेतो. तिथल्या तिथे त्यांना काढलं. त्यानंतर सदरही गेलं, कारण त्या वर्तमानपत्राला जिनिंग प्रेसच्या जाहिराती जात. उपसंपादक घरी येऊन ताईला सांगून गेले, मालकांपुढे इलाज नाही. चहा न घेता गेले, एवढी तरी लाज होती. आणि डॉक्टर, ज्यांच्या कपाटात त्या प्रश्नामुळे चषक गेला होता, ते आले नाहीत. त्यांनी एक शब्द कुठे टाकला नाही. रस्त्यात दिसले तर गाडीची काच वर करत.

पुढची काही वर्षं भाऊजी कन्हानकडे कोळसा खाणीच्या अधिकाऱ्यांना शिकवायला जात. मैदान म्हणजे एक ओसाड पट्टा, मधे एक नाला. एसटीत ती लांब पिशवी घेऊन चढले की कंडक्टर विचारायचा यात काय आहे. कधी बंदुका सांगत, कधी बासऱ्या. पिशवी टपावर भाज्यांच्या टोपल्यांत जायची, आणि संध्याकाळी तिला कोथिंबिरीचा वास यायचा. त्यावरही ते विनोद करत. पण त्या वर्षांत ते झोपेत दात खायचे, असं ताईनं मला आता, ते गेल्यावर सांगितलं. दिवसा हसायचे आणि रात्री दात खायचे. मी वरच्या खोलीत राहत होते. मला माहीत नव्हतं.

मग ऐंशी साल उलटल्यावर एक दिवस अध्यक्षांची मोटार आमच्या गल्लीत आली. गल्लीत तेव्हा नाली उघडी होती. ते नाकाला रुमाल लावून दारात उभे राहिले, बसा म्हटलं तरी बसले नाहीत. "वामन, झालं गेलं विसर. तिकडे सगळी वाट लागली आहे. माझ्या मुलाचा हात तूच सुधारू शकतोस. ये परत." माफीचा शब्द नव्हता. विसरायचं ते भाऊजींनी, कारण अध्यक्ष स्वतः तर केव्हाच विसरले होते. भाऊजींनी ताईला चांगल्या कपांत चहा करायला सांगितला. अध्यक्षांनी कप हातात घेतला आणि न पिता खिडकीत ठेवला. आणि पुढच्या सोमवारी भाऊजी इस्त्रीचा शर्ट घालून क्लबात गेले.

मला तेव्हा भाऊजींचीच किळस आली. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण आली. मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. एक दिवस संध्याकाळी ते माझ्या खोलीत वर आले आणि उंबऱ्यावर बसले.

"काहून बोलत नाही वं शकुन?"

मी म्हटलं, "तुम्हाला लाज कशी वाटली नाही? परत त्याच पायरीवर जाऊन बसायचं?"

त्या दिवशी विनोद आला नाही. म्हणाले, "ते मैदान त्यायच्या बापाचं नाही. त्या मैदानावरचं एक एक गोल मी माह्या हातानं थापलं. कुठं पाणी मुरते, कुठं दगड वर येते, मले माहीत आहे. कन्हानले रोज मले त्याचीच आठवण यायची… माणसाच्या रागापायी माहं मैदान मी काहून सोडू? त्यायले सोडू दे."

"ते कशाला सोडतील?"

"मंग राहू दे त्यायले. मले काय त्यायच्याकडे पाहाचं आहे?"

मला ते तेव्हा पटलं नाही. आजही अर्धंच पटतं. त्यांना मैदानावर फक्त मैदान दिसायचं, मला फक्त माणसं दिसायची. कदाचित आम्हा दोघांचंही थोडं चुकत असेल. पण एवढं खरं की परत गेल्यावर त्यांचं दात खाणं थांबलं. हेही ताईनंच सांगितलं.

भाऊजी गेल्यानंतर काही आठवड्यांनी क्लबानं शोकसभा ठेवली. ताईला न्यायला गाडी आली. सभा त्या मोठ्या दालनात होती. वेताच्या खुर्च्या रांगेत मांडल्या होत्या आणि समोर टेबलावर भाऊजींचा फोटो, त्याला हार. इतकी वर्षं त्या क्लबात घालवून त्या दालनात भाऊजी पहिल्यांदा गेले ते फोटो होऊन. मी ताईच्या शेजारी पुढच्या रांगेत बसले होते. उदबत्तीचा वास, अत्तराचा वास, आणि मागून कुठूनतरी तळणीचा, कारण नंतर खाणं होतं.

अध्यक्ष बोलायला उभे राहिले. आता ते वयस्कर झाले आहेत, आवाज मात्र तसाच भरदार आहे. वामन हा माझा नोकर नव्हता, मित्र होता, म्हणाले. मैदानावर जगला, मैदानावर गेला, म्हणाले. मग आवाज खाली आणून त्यांनी एक आठवण सांगितली. "एका अंतिम सामन्यात माझा चेंडू बाभळीत गेला. चुकून माझ्या बुटाचा धक्का लागला. कोणी पाहिलं नव्हतं. पण मी स्वतः पुढे होऊन वामनला सांगितलं, माझा एक फटका वाढव. चषक गेला. वामनच्या डोळ्यांत पाणी आलं. मला म्हणाला, साहेब, आज माझं शिकवणं सार्थकी लागलं." लोक हळहळले. कोणीतरी रुमाल काढला. मी मागे वळून पाहिलं. तिसऱ्या रांगेत ते डॉक्टर बसले होते. त्यांना खरं काय ते पक्कं माहीत होतं. ते गुडघ्यांवर हात ठेवून समोरच्या खुर्चीच्या पाठीकडे पाहत होते.

मी उठणार तोच ताई उठली. सूत्रसंचालकाला वाटलं वहिनींना आभार मानायचे आहेत, त्यानं माईक खाली करून दिला. माझी बहीण जन्मात कधी चार माणसांत बोलली नव्हती. तिनं पदर सारखा केला आणि भाजी काय आणायची ते सांगावं तशा आवाजात बोलली.

"साहेब माह्या मालकाबद्दल चांगलं बोलले. पण ते खरं नाही. धक्का नाही लागला, साहेबांनी बुटानं ढकलला. मी बाभळीपाशी उभी होती, माही बहीण होती, आम्ही पाह्यलं. साहेबांनी सांगितलं नाही. यायनं विचारलं, तवा निघालं. त्यापायी यायले काढलं. आन् हे मैदानावर नाही मेले. घरी मेले. कुलरची खस बदलून."

आणि ती खाली बसली.

मला वाटलं आता काहीतरी होईल. इतक्या वर्षांनी काहीतरी होईल. काहीच झालं नाही. माईक थोडा कर्कश वाजला. अध्यक्षांनी मान हलवली, डोळे मिटले आणि अत्यंत सहानुभूतीनं म्हणाले, "वहिनी फार दुःखात आहेत." सगळ्यांनी माना हलवल्या. डॉक्टरांनीही. मग एक मिनिट उभं राहून शांतता पाळली, आणि मग लोक प्लेटा घेऊन पॅटिस खाऊ लागले. एक बाई माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, त्यांना घरी घेऊन जा, आराम करू द्या. शाल आणि नारळ ताईच्या मांडीवर कोणी ठेवला ते मला कळलंही नाही. येताना ती ते खुर्चीवरच ठेवून आली. दुसऱ्या दिवशी बातमीत अध्यक्षांची आठवण पूर्ण छापून आली होती, आणि शेवटी एक ओळ… या वेळी पत्नीला भावना अनावर झाल्या.

भावना अनावर झालेली माणसं मी पाहिली आहेत. माझी बहीण त्या दालनात एकटीच स्वतःला आवरून होती. म्हणून हे लिहिलं. जे वाचतील त्यांनी वाचावं. मीही बाभळीपाशी उभी होते आणि मीही सांगते, तिनं सांगितलं ते तसंच घडलं.

शोकसभेनंतर साधारण आठवड्याभरानं क्लबातून दोन माणसं आली. सभ्य होती, पायातले बूट बाहेर काढून आत आली. क्लबात भाऊजींच्या नावानं काचेचं कपाट करायचं आहे, त्यात ठेवायला त्यांच्या काठ्या हव्यात, म्हणाली. माझ्या तोंडाशी खूप काही आलं होतं. पण ताई घरात नव्हती, मागच्या अंगणात होती. मी त्यांना तिकडे घेऊन गेले.

अंगणात मुंगण्याचं झाड आहे, ज्याला पुण्याकडे शेवगा म्हणतात. यंदा शेंगा वरच्या फांद्यांना लागल्या होत्या. ताई पदर खोचून स्टुलावर उभी होती आणि तिच्या हातात भाऊजींची एक लोखंडी काठी होती. तिच्या वाकड्या टोकात शेंग अडकवायची आणि मनगटाला हलका झटका द्यायचा, की शेंग सुटून खाली. हे तिला भाऊजींनीच दाखवलं होतं. क्लबात स्टिकला हात लावायला माणसं वर्षवर्ष शिकतात, सुमन एका उन्हाळ्यात शिकली, असं ते म्हणायचे, आणि दर उन्हाळ्यात ही काठी पिशवीतून काढून तिच्यासाठी मागच्या दाराशी उभी करून ठेवायचे. यंदाही त्यांनी ती ठेवलेली होती.

माणसांनी आपलं म्हणणं पुन्हा सांगितलं. ताईनं वरूनच ऐकून घेतलं. पुढच्या शेंगेला टोक लावत म्हणाली, "काठी कामात आहे भाऊ."

"मग केव्हा येऊ?" त्यातल्या एकानं विचारलं.

तिनं मनगटाला झटका दिला. शेंग खाली पडली. मला म्हणाली, "शकुन, उचल वं, ऊन लागून राहिलं त्यायले." मी वाकून शेंगा वेचू लागले. माझं होईपर्यंत ती माणसं निघून गेली होती. ताईनं काठी पदराला पुसली आणि मागच्या दाराशी जशी होती तशी उभी करून ठेवली. ती अजून तिथेच आहे.